कटोगोच्या प्रकल्प नोंदी: घेवडा आणि मतोके, कम्पाला

२ जून २०२४

काम ठरलं: घेवड्याचा कटोगो आधी ६ जणांच्या मापात बसवायचा, मग ४० जणांच्या. युगांडात कटोगो न्याहारीला खातात. लुगांडा भाषेत या शब्दाचा अर्थच सरमिसळ. एका पातेल्यात मतोके, म्हणजे हिरवी शिजवायची केळी, आणि जोडीला घेवडा, नाहीतर वजडी, नाहीतर शेंगदाण्याचं कूट. केळ्यांऐवजी कसावा घालूनही करतात. या नोंदी फक्त घेवडा-मतोकेच्या आहेत.

सामान: १० लिटरचं जाड बुडाचं ॲल्युमिनियमचं पातेलं (इथे सेफुलिया), घट्ट झाकण, कोळशाची शेगडी (इथे सिगिरी, शब्द ऐकताच ओळखीचा वाटतो), वजनकाटा, केळीची दोन पानं.

कम्पाला समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंच आहे. पाणी इथे सुमारे ९६ अंशांनाच उकळतं, त्यामुळे घेवड्याला सपाटीवरच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. पुढच्या सगळ्या वेळा कम्पालाच्या आहेत. मुंबईत किंवा कोकणात थोडं आधी तपासायला लागावं.

४ जून

केळी. इंग्रजी पाककृतींत या पदार्थाला सरसकट ‘प्लांटेन’ लिहितात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. युगांडा, रवांडा, बुरुंडी आणि टांझानियाचा कागेरा भाग इथे रोज शिजतात ती केळी पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशातल्या वेगळ्या गटाची, एएए जनुकीय गटातली. खरं प्लांटेन एएबी गटातलं (ए आणि बी ही केळीच्या दोन रानटी पूर्वजांची खूण). युगांडात त्याला गोंजा म्हणतात आणि ते बहुतेक भाजून किंवा वाफवून खातात. कटोगोसाठी मतोकेच हवीत. ती लवकर मऊ होतात, शिजल्यावर पिवळी पडतात आणि त्यांच्या कडा विरघळून कढण दाट होतं. बाजारात नाकितेम्बे, म्ब्वाझिरुमे, किबुझी अशी नावं ऐकू येतात. पहिल्या तीन चाचण्या किबुझीवर करायच्या.

निवडताना फळाच्या कडा पाहायच्या. धारदार, कोनाकोनाचं फळ अजून भरलेलं नसतं; ते तुरट लागतं आणि शिजूनही चिवट राहतं. कडा गोलसर, साल हिरवीगार, दाबल्यावर टणक, असं फळ घ्यायचं. फणीतलं एकही फळ पिवळसर दिसलं तर ती फणी बाजूला. एक गोड केळं अख्ख्या पातेल्याची चव बदलतं.

वजन: फणीवरून काढलेली केळी २.२ किलो, सोलून १.३ किलो. साधारण ४० टक्के साल जाते. बाजारहाट करताना नेहमी सालीसकट वजन लिहायचं, नाहीतर ऐन वेळी केळी कमी पडतात.

६ जून

घेवडा. नाम्बाले घेतला: मोठा दाणा, लालसर अंगावर फिकट ठिपके. १९९४ साली के-१३२ नावाने प्रसारित झालेला वाण बाजारात याच नावाने विकतात. पिवळा घेवडाही चांगला, पण त्याचं कढण फिकं येतं, आणि कटोगोला तांबूस रंग लागतो.

दोन पोत्यांतून प्रत्येकी २०० ग्रॅम भिजवून पाहिला. एक डिसेंबर-जानेवारीच्या सुगीचा, दुसरा त्याहून जुना. रंग काळपटलेला, काही दाण्यांना भुंग्याची भोकं. १२ तासांनी पहिला ४१० ग्रॅम झाला. दुसरा ३४० वरच थांबला, आणि त्यातले बरेच दाणे सुरकुतलेलेच राहिले. उबदार, दमट जागी फार दिवस राहिलेल्या घेवड्याच्या पेशी एकमेकींना धरून बसतात. मग पाणी आत शिरलं तरी दाणा फुटत नाही. शिजायला टाकल्यावर पहिला ७५ मिनिटांत बोटचेपा झाला. दुसरा अडीच तासांनीही मधे करकरीत. असं पोतं कितीही स्वस्त मिळालं तरी घ्यायचं नाही; वाचलेले पैसे कोळशात जातात.

९ जून, पहिलं पातेलं

भिजवलेला घेवडा आणि केळी एकदमच टाकून पाहिली, कारण बऱ्याच लिहिलेल्या कृतींत तसंच सांगितलेलं आहे. ३५ मिनिटांनी केळी तयार, घेवडा कच्चा. ८० मिनिटांनी घेवडा तयार, पण केळ्यांचा गिच्च लगदा, आणि तो तळाला लागलेला. वरून आणखी एक अडचण: केळ्यांच्या पिठाने पाणी दाटल्यावर घेवड्याच्या दाण्याभोवती मोकळं पाणीच उरलं नाही, म्हणून तो आणखी रेंगाळला.

फेकून दिलं.

१० जून

आता दोन टप्पे. घेवडा पूर्ण शिजेपर्यंत केळ्यांना हात लावायचा नाही. ‘जवळजवळ शिजला’ हे चालत नाही. केळी पडल्यावर घेवडा पुढे फारसा शिजत नाही, हे कालच दिसलं.

क्रम असा: ५०० ग्रॅम घेवडा निवडून, खडे काढून, २ लिटर पाण्यात रात्रभर. सकाळी ते पाणी ओतून द्यायचं, दाणे दोनदा धुवायचे, २.५ लिटर ताजं पाणी. झाकण न ठेवता ३० मिनिटं खळाळून उकळायचं. इथे कुचराई नको. लाल घेवड्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. ते फक्त जोरदार उकळीने मरतं. नुसत्या कोमट आचेवर तासन्‌तास ठेवलेला अर्धकच्चा घेवडा खाल्ला तर काही तासांत उलट्या-जुलाब होतात. म्हणूनच संथ आचेच्या विजेच्या भांड्यात कच्चा घेवडा थेट टाकायचा नाही. उकळीनंतर आच मंद, झाकण अर्धवट, ४५ ते ६० मिनिटं.

तपासणी: पातेल्यात तीन ठिकाणचे पाच दाणे काढून जीभ आणि टाळू यांत दाबायचे. पाचही दातांशिवाय चिरडले पाहिजेत. चार चिरडले आणि एक नाही, तर अजून १० मिनिटं.

मधे पाणी कमी पडलं तर आधणाचंच घालायचं. गार पाणी ओतलं की उकळी मोडते आणि ती परत यायला बराच वेळ जातो, तेवढाच कोळसाही.

या पातेल्यात शेवटी १.२ लिटर कढण उरलं आणि ते १.३ किलो केळ्यांना नेमकं पुरलं. हे प्रमाण धरून ठेवायचं. केळी पडण्याआधी कढण मोजायचं, कमी असेल तर तेव्हाच आधण घालायचं. माझ्या मते कटोगोचं बरं-वाईट याच क्षणी ठरतं. पातळ, पाणचट कढणात पडलेली केळी मसाल्याने सुधारत नाहीत.

१२ जून

प्रेशर कुकर: भिजवलेला ५०० ग्रॅम घेवडा, १.५ लिटर पाणी, आधी उघड्यावर ५ मिनिटं उकळून फेस काढला, मग एक शिटी आणि मंद आचेवर १२ मिनिटं, वाफ आपोआप जिरू दिली. दाणा मऊ, साल शाबूत. कढण मात्र पातळ, म्हणून उघड्यावर १५ मिनिटं आटवलं आणि वाटीभर दाणे डावाने चेचले. चालतं. घाईच्या दिवशी हाच मार्ग.

१४ जून

टोमॅटो कधी घालायचा? दोन पातेली शेजारी-शेजारी. एकात ३५० ग्रॅम चिरलेला टोमॅटो घेवड्यासोबतच, दुसऱ्यात घेवडा शिजल्यावर. पहिल्यातला घेवडा १२० मिनिटांनीही घट्ट होता. आंबटपणाने दाण्याच्या सालीतलं पेक्टिन टिकून राहतं, म्हणून तो मऊ पडत नाही. चिंचेच्या पाण्यात टाकलेली डाळ शिजत नाही, तेच हे.

मिठाचं तसं नाही. भिजवण्याच्या पाण्यात एक चमचा मीठ टाकून पाहिलं. दाणे उलट एकसारखे शिजले आणि साली कमी फुटल्या. बाकीचं मीठ शेवटी.

फोडणी वेगळ्या कढईत: ४५ मिली तेल, २०० ग्रॅम कांदा तांबूस होईतो, दोन पाकळ्या लसूण, मग टोमॅटो तेल सुटेपर्यंत. टोमॅटो कच्चा राहिला तर कटोगो आंबट लागतो. फोडणी शिजलेल्या घेवड्यात पडल्यावर १० मिनिटं उकळी, आणि मगच केळी. करी पावडर इथल्या बऱ्याच घरांत घालतात. मूळ मापात ती नाही. घालायचीच तर अर्धा चमचा, कांद्यासोबत.

१७ जून

सोलणं. बाहेरून सोपं दिसतं, पण सगळ्यात जास्त खराबी इथेच होते.

हिरव्या केळ्याची साल ओढून निघत नाही. हाताला आणि सुरीला तेल लावायचं, दोन्ही टोकं कापायची, सुरीने देठाकडून खाली पट्ट्या काढायच्या. सालीखाली पांढरट, धाग्याधाग्याचा थर असतो, तोही जायला हवा. तो राहिला तर शिजल्यावर करडा दिसतो आणि तोंडात दोरे लागतात. फार खोल कापलं तर गर वाया जातो. सोललेलं केळं पिवळसर आणि गुळगुळीत दिसलं की बरोबर.

चीक कपड्यांवर पडला की डाग जात नाही. जुना कपडा बांधायचा, हात पाण्याने धुण्याआधी तेलाने पुसायचे.

सोललेलं केळं हवेत ठेवलं की काळवंडतं, म्हणून थेट मीठ घातलेल्या थंड पाण्यात. तासाभरापेक्षा जास्त ठेवलं तर पाणी पिऊन बाहेरून निबर होतं. आदल्या रात्री सोलून ठेवलेली केळी वापरून पाहिली: शिजली, पण आतून दगडी पांढरी, चव फिकी. रात्री घेवडा भिजवायचा, केळी सकाळीच सोलायची.

तुकडे करायचे की अख्खी ठेवायची? लहान केळी अख्खी, मोठी आडवी दोन भागांत. चकत्या नकोत, त्या विरघळतात.

२१ जून

ढवळणं आणि झाकण. केळी कढणात उभी-आडवी एका थरात रचली, कढण त्यांच्या दोन-तृतीयांश उंचीपर्यंत. वर केळीचं पान उलटं, कडा पातेल्यात खोचलेल्या, त्यावर झाकण. वरचा भाग वाफेवर शिजतो, खालचा कढणात. पान नसलेल्या जोडीच्या पातेल्यात वरची टोकं कोरडी पडून काळसर झाली. पान नसेल तर ओला पंचाही चालतो, पण पानाचा मंद वास त्यात येत नाही.

पहिली २० मिनिटं डाव घालायचा नाही. दोन्ही कान धरून पातेलं हलवायचं, एवढंच. अर्धवट शिजलेल्या केळ्याला डाव लागला की कड तुटते, तुकडे तळाशी बसतात आणि तिथेच लागतात. २८ ते ३० मिनिटांनी सुरी घालून पाहायची: अडथळा न होता आत जाऊन स्वच्छ बाहेर आली पाहिजे. मग दोन-तीन केळी पातेल्याच्या कडेला चेचायची, एकदाच वरखाली करायचं, १० मिनिटं झाकून ठेवायचं. कढण त्या १० मिनिटांत दाटतं. पातेलं उतरवताना ते थोडं सैल वाटायलाच हवं.

६ जणांचं माप आता पक्कं: घेवडा ५०० ग्रॅम, मतोके २.२ किलो सालीसकट, कांदा २००, टोमॅटो ३५०, लसूण दोन पाकळ्या, तेल ४५ मिली, मीठ ३० ग्रॅम, एक ढब्बू मिरची शेवटच्या ५ मिनिटांत.

२५ जून

मतोकेऐवजी गोंजा. हिरवं गोंजा ४० मिनिटांनी शिजलं, तुकडे अगदी देखणे, पण कढण पाण्यासारखं राहिलं. वाटीभर घेवडा चेचून दाट करावं लागलं. पिकायला लागलेलं गोंजा गोड झालं. चवीला वाईट नाही, पण तो कटोगो नव्हे. गोंजा वापरायचंच तर पूर्ण हिरवं घ्यावं आणि १० मिनिटं आधी टाकावं.

२९ जून

बुरुंडीची पद्धत. तिथे घेवड्याला इबिहारागे आणि केळ्यांना इबितोके म्हणतात. टोमॅटो नाही. लाल पामतेल, कांदा, मीठ, तिखट मिरची. टांगानिका सरोवराकाठी रुमोंगेच्या बाजूला तेलपामच्या बागा आहेत, त्यामुळे हे तेल तिथल्या स्वयंपाकात मुरलेलं. लाल पामतेल गार हवेत गोठतं. ६ जणांना ६० मिली, मध्यम आचेवर पातळ होईतोच तापवायचं. धूर निघेपर्यंत तापवलं तर लाल रंग जातो, आणि त्यासोबत वासही. कांदा त्यातच परतला, घेवडा, केळी, एक अख्खी मिरची वर ठेवून. मिरची फुटू द्यायची नाही, तिखटपणा हवा तेवढाच उतरतो.

या सगळ्या चाचण्यांत मला हेच पातेलं सर्वांत आवडलं. टोमॅटो नसल्यामुळे घेवड्याची चव मोकळी राहते.

२ जुलै

सोडा. किलिमांजारोच्या उतारावरचे चाग्गा लोक केळी आणि घेवडा एकत्र चेचून किबुरू करतात आणि त्यात मगाडी, म्हणजे सोडा तलावांतला क्षार घालतात. क्षाराने घेवडा लवकर मऊ होतो. किबुरूला ते शोभतं, कारण तिथे सगळं घोटायचंच असतं. कटोगोत पाव चमचा खायचा सोडा घालून पाहिला: घेवडा ५० मिनिटांत शिजला, पण साली सुटून वर तरंगल्या आणि कढणाला साबणासारखी चव आली. बंद.

४ जुलै

नव्या सुगीचा ओला घेवडा बाजारात आला आहे, शेंगांसकट. सोललेले १ किलो दाणे घेतले. भिजवायचं नाही, १.८ लिटर पाणी, उघड्यावर ३० मिनिटं उकळी आणि २० मिनिटं मंद. कढण मलईसारखं. जून-जुलैत आणि पुन्हा डिसेंबर-जानेवारीत मिळतो तेव्हा सुका घेवडा बाजूला ठेवून हाच वापरावा.

६ जुलै

महाराष्ट्रात करणाऱ्यांसाठी पर्याय. घेवड्याला वाघ्या घेवडा चांगला जमेल. साताऱ्यातल्या कोरेगावच्या वाघ्याला भौगोलिक मानांकन आहे, अंगावर रेघा, कढणाला दाटपणा. नसेल तर राजमा. केळ्यांचा प्रश्न थोडा अवघड. वसईकडची राजेळी, जिची सुकेळी करतात, ती प्लांटेनच्या गटातली. तिला गोंजाचे नियम लावायचे, म्हणजे ४० मिनिटं आणि चेचलेला घेवडा. जळगावची हिरवी केळी मतोकेसारखीच एएए गटातली, पण ती पिकवून खायची जात. गर ओलसर, म्हणून १५ मिनिटांनंतर दर ३ मिनिटांनी सुरी घालून पाहायची. सोलणं, मिठाचं पाणी, पान, न ढवळणं हे सगळं तसंच.

७ जुलै, ४० जणांचं पहिलं पातेलं

४० लिटरचं भांडं. माप सरळ पावणेसातपट केलं आणि पाण्यात फसलं. मोठ्या भांड्यात त्या मानाने वाफ कमी उडते. लहान पातेल्यात किलोमागे ५ लिटर पाणी बरोबर होतं, इथे तेवढ्याने कढण १२ लिटर उरलं. ५ लिटर काढून ठेवावं लागलं. पुढच्या वेळी किलोमागे ३.३ लिटर.

दुसरी चूक: ९ किलो गार केळी एकदम टाकली. उकळी मोडली, ती परत यायला १८ मिनिटं लागली, तेवढ्यात वरची केळी कोमट कढणात काळपट झाली. शिवाय खालचा थर वरच्याच्या भाराने फुटला.

मीठही पटीत घातलं, २०० ग्रॅम. जास्त झालं.

१३ जुलै, ४० जणांचं दुसरं पातेलं

घेवडा ३.३ किलो, पाणी ११ लिटर, मतोके १५ किलो सालीसकट, कांदा १.३ किलो, टोमॅटो २.३ किलो, तेल ३०० मिली, मीठ १६० ग्रॅम आणि चव पाहून पुढे. न्याहारी ८ वाजता. ४.३० ला शेगडी, ५.१५ ला उकळी, ५.४५ ला आच मंद, ६.३५ ला पाचही दाणे चिरडले. कढण मोजलं: ७ लिटर. सोलायला तीन जण ५.३० पासून. ६.३५ ला फोडणी पडली, ६.४५ ला निम्मी केळी, उकळी परतल्यावर ६.५५ ला उरलेली, वर पानं. ७.३० ला सुरी स्वच्छ आली. ७.४० ला उतरवलं.

तळ पाहिला: कुठेही लागलेलं नाही. कोळसा शेवटच्या २० मिनिटांत मधून काढून कडेला पसरला होता, त्याचा उपयोग झाला.

१४ जुलै

उरलेला कटोगो. गार झाल्यावर केळी घट्ट आणि पिठूळ होतात, कढण वडीसारखं थिजतं. खराब झालेलं नसतं. पिठाचा स्वभाव तसा. दोन तासांच्या आत उथळ भांड्यांत काढून फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी किलोला २०० मिली आधण घालून झाकणाखाली मंद आचेवर, मधपर्यंत वाफ येईतो. कोमट शेगडीवर रात्रभर ठेवायचं नाही. आंबूस वास आला तर टाकून द्यायचं.

पुढचं पातेलं शेंगदाण्याच्या कुटाचं. ६ जणांच्या मापाला १५० ग्रॅम भाजून कुटलेले दाणे, कोमट पाण्यात कालवून, केळी पडण्याआधी. कूट तळाला फार लवकर लागतं, म्हणून जाड बुडाचं पातेलं आणि कोळसा सुरुवातीपासूनच कडेला. घेवडा ८ वाजता भिजत घातला आहे.